साठपर्यंत

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांचा माझ्याशी संबंध येतो त्यांना मी चिडका वाटतो. गिऱ्हाइकं, शेजारी, बायकोच्या माहेरची माणसं, सगळ्यांचं एकच म्हणणं, की या शिंप्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग. असेल. पण मला राग येतो तो भीती वाटली की येतो, आणि भीती मला बटण जन्मली त्या दिवसापासून वाटते. म्हणजे सात वर्षं मी सलग चिडलेला आहे.

बटण माझी मुलगी. शाळेच्या कार्डावर तिचं चांगलं लांबलचक नाव आहे, पण तान्ही असल्यापासून ती माझ्या शर्टाचं वरून दुसरं बटण मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही, म्हणून ती बटण. बोलत नाही. हात धरला तर चालते, सोडला तर बसते. जन्मताना तिच्या मेंदूला इजा झाली, त्यामुळे तिला झटके येतात, आणि ते येऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ एक पातळ औषध द्यावं लागतं. एक वेळही चुकवून चालत नाही. तिची आई बसडेपोत माइकवरून गाड्यांच्या घोषणा करते, पाळी दुपारी दोनपासून. मी घरातच पुढच्या खोलीत मशीन टाकून बसलोय. त्यामुळे भरवणं, अंघोळ, दात घासणं, औषध, सगळं माझ्याकडे, आणि मी ते दुसऱ्या कुणाला करूही देत नव्हतो. शेजारच्या काकू एकदा चांगल्या मनाने म्हणाल्या, आज मी घासते तिचे दात, तुम्ही जरा पाठ टेका. मी त्यांना असं काही बोललो की महिनाभर त्या आमच्या दारावरून मान वळवून जायच्या.

आमची एक पद्धत होती. बटण बोलत नसली तरी तिला आकडे पाठ आहेत. कुठलीही नकोशी गोष्ट, नखं कापणं, कान पुसणं, केसांतली गुंतवळ सोडवणं, मोजून केली तर ती सहन करते. किती आकडे लागणार ते आधी सांगायचं आणि तेवढ्यावर थांबायचं. दातांसाठी आमचं वीस ठरलं होतं. खाली वीस, मग एक घोट पाणी, मग वर वीस. एक म्हटलं की आ, वीस म्हटलं की तोंड बंद. एकविसाव्याला ब्रश आत असला तर ब्रशचं काही खरं नाही. असे चार-पाच ब्रश मी फेकून दिलेत.

तर झालं असं, की ती उजव्या गालावर थपडा मारून घ्यायला लागली. जेवताना घास डावीकडे सरकवायची. मला वाटलं, हट्ट. शाळेतल्या बाईंनाही तसंच वाटलं, त्या म्हणाल्या, लक्ष वेधून घेतेय, दुर्लक्ष करा. म्हणून मी दुर्लक्ष केलं. एक दिवस तर तिचा हात धरून जोरात दटावलंसुद्धा. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी गाल हाताला गरम लागला तेव्हा मी तिला मशीनजवळ आणलं, मशीनचा दिवा वाकवला, वीस आकडे सांगितले आणि आत पाहिलं. मागच्या दाढांना तपकिरी खड्डे होते. हिरडी लालभडक. आणि मी तिला दटावलं होतं.

मला भीती वाटली ती खड्ड्यांची नव्हती. किडक्या दाढा लोकांना होतात, लोक खुर्चीत बसतात, आ करतात, भरून घेतात. बटण खुर्चीत बसणार नव्हती. तिचे दात भरायचे म्हणजे तिला पूर्ण भूल द्यावी लागणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि भूल काय असते ते आम्ही एकदा पाहिलं होतं. ती चार वर्षांची असताना हर्नियाचं साधं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम, म्हणाले. अर्ध्या तासाचे दोन दिवस झाले. शुद्धीवर येताना झटका आला तो थांबेना, श्वास नीट चालेना, नळी घालावी लागली. तिसऱ्या दिवशी भूल देणारे डॉक्टर बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, ताई, यापुढे अगदीच दुसरा इलाज नसेल तरच. ते वाक्य मी रोज अंथरुणावर पडल्यावर ऐकतो.

अशा मुलांचे दात बघणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. शाळेतूनच पत्ता मिळाला, आणि बायको आणि मी बटणला घेऊन गेलो. दवाखाना एका जिन्याखाली, बाहेर दोन बाकं, आत एक खुर्ची आणि खाली जाड चटई. बाई खुर्चीकडे गेल्याच नाहीत. चटईवर बसल्या, मला बसायला सांगितलं, आणि बटणकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिल्या, ती कंटाळून त्यांच्या गुडघ्याला हात लावेपर्यंत. मी त्यांना आकड्यांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, मग मोजा. मी वीसपर्यंत मोजलं, त्यांनी छोट्या आरशाने पाहिलं. वीस झाले तरी त्यांना अजून एक कोपरा बघायचा होता. बटणने त्यांचं बोट चावलं. बाईंनी हातमोजा काढून बोट बघितलं आणि म्हणाल्या, माझीच चूक.

मग त्यांनी मला एक विचित्रच गोष्ट करायला सांगितली. ही औषध कशी घेते ते दाखवा. मी नेहमीसारखी मांडी घातली, बटणला डाव्या हातावर घेतलं, तिचं डोकं माझ्या कोपरात, तोंड माझ्या छातीकडे. तिने सवयीने माझं बटण धरलं. उजव्या हाताने मी औषधाची पिचकारी धरल्याचं दाखवलं. बाई माझ्याकडे नाही, तिच्या खाली दाबलेल्या उजव्या गालाकडे बघत होत्या.

"आणि मग ती अशीच झोपते?"

"हो. आठ वाजता औषध, साडेआठला झोप."

"दात कधी घासता?"

"सात वाजता."

 त्यांनी शांतपणे सांगितलं. औषधात साखर खूप आहे, पोरांनी घ्यावं म्हणून घालतात. बटण औषध पटकन गिळत नाही, गालात धरते. माझ्या हातावर तिचा उजवा गाल खाली असतो, त्यामुळे सगळा पाक उजव्या दाढांपाशी जमतो आणि झोपेत तिथेच राहतो. रात्रभर. सहा वर्षं. तीन दाढा किडल्या होत्या, तिन्ही उजवीकडच्या. डावीकडे एक डागही नव्हता.

"तुम्ही दात उत्तम घासता," त्या म्हणाल्या. "डावी बाजू बघा ना."

त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं असणार. मला वाटलं, यापेक्षा यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं. जे औषध तिला जिवंत ठेवतं तेच मी स्वतःच्या हाताने, छातीशी धरून, लाडाने तिच्या दातांवर ओतत होतो. राग काढायला समोर कुणीच नव्हतं. मी बाईंवरच उखडलो, की बाटलीवर हे कुठे लिहिलंय, त्या झटक्यांच्या डॉक्टरांनी का नाही सांगितलं, तुम्ही सगळे डॉक्टर काय झोपा काढता का. बाईंनी ऐकून घेतलं. बायको मान खाली घालून बसली होती, तिने माझ्या बाहीला हळूच चिमटा काढला.

इलाज दोन होते. एक, भूल देऊन तिन्ही दाढा एकाच वेळी भरायच्या किंवा काढायच्या. मी म्हटलं, नाही. बाईंनी हर्नियाचे कागद वाचले आणि त्याही म्हणाल्या, शक्यतो नाहीच. दुसरा, एक चांदीचं औषध. किडीच्या जागेवर थेंबभर लावायचं. खड्डा भरून येत नाही, पण कीड जागच्या जागी थांबते, दात टणक होतो. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधीच सांगते, म्हणाल्या. बायकोने विचारलं, काळा म्हणजे किती काळा. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. नंतर मलाच वाईट वाटलं. आई आहे, पोरीचं हसणं तिच्याही डोळ्यासमोर येणारच.

"आतली नस अजून वाचलेली दिसते," बाई म्हणाल्या. "खड्ड्यात अन्न अडकून हिरडी सुजलीय, दुखतंय ते त्याने. पण कीड त्या नसेला जाऊन पोचली तर हे औषध उपयोगाचं नाही. मग भूल."

"मग आत्ताच लावा."

"दात कोरडा करून, औषध लावून, एक मिनिट तोंड उघडं राहायला हवं. साठ आकडे. ती वीसला मिटते. धरून, दाबून लावता येईल, पण ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, आणि तिला माझी गरज जन्मभर लागणार आहे. तुम्ही तिला साठपर्यंत आणा. रोज दोन आकडे वाढवा. तीन आठवडे देते. त्यापुढे मलाही भीती वाटते."

डॉक्टरने स्वतः म्हणावं, मलाही भीती वाटते! 

त्या संध्याकाळपासून घरातलं सगळं बदललं. झटक्यांच्या डॉक्टरांनी पातळ औषधाऐवजी गोळी दिली, ती पाण्यात विरघळवून द्यायची, साखर नाही. औषध आधी, दात नंतर. झोपण्याआधी ओल्या मऊ फडक्याने उजवा गाल आतून पुसायचा. दातांची पेस्ट वाटाण्याएवढी. झोपताना तिला उजव्या हातावर घ्यायला लागलो तर ती रडायची, तिला त्या बाजूने बटण सापडायचं नाही. शेवटी तिला सरळ अंथरुणावर झोपवून मी शेजारी वाकून बसायचो, कंबर मोडेपर्यंत.

आणि आकडे. पहिल्या दिवशी बावीस. मी आधीच सांगितलं, बटण, आज बावीस. ती वीसला थांबली, माझ्याकडे बघितलं, जणू विचारतेय, हे काय नवीन. मी म्हटलं, एकवीस, बावीस, संपलं, आणि ब्रश काढला. तिने तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी चोवीस. मग सव्वीस. दिवसा मी गणवेशांना कॉलर लावायचो आणि मनात एकच चालायचं, आज किती झाले, अजून किती राहिले, आणि आत त्या तपकिरी खड्ड्यात कीड आज किती पुढे सरकली. ती काही माझ्यासारखी दोन-दोनने चालत नसणार. एका गिऱ्हाइकाच्या पँटला मी दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले. तो हसला. मी त्याला कापड परत फेकून दिलं.

दहाव्या दिवशी चाळीस झाले. बायको रात्री आली तेव्हा मी दारातच सांगितलं, चाळीस. ती हातातली पिशवी खाली न ठेवताच रडली.

अकराव्या दिवशी सकाळी बेचाळीस होते. खालच्या दाढा घासताना ब्रशला काहीतरी अडकलं. अडतीसला मी पाहिलं, तर दाताचा एक कपचा निघाला होता, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि जिथून निघाला तिथे आत लालसर दिसत होतं. ती नस आहे की हिरडीचं रक्त, मला कळेना. एकोणचाळीस. मला आत नीट बघायचं होतं. चाळीस. दिवा वाकवायला एक हात लागला. एक्केचाळीस. आता एकच आकडा उरला होता आणि माझी जीभ वळेना. मी म्हटलं, "चाळीस." मग परत, "एक्केचाळीस." मग परत, "चाळीस."

तिने डोळे वळवून माझ्याकडे पाहिलं. चावली नाही. हळूच तोंड मिटलं, माझा हात, ब्रश, दिवा, सगळं बाहेर ढकललं आणि भिंतीकडे वळली.

दुपारी तिने केळं घेतलं नाही. मी चमचा ओठांना लावला की ओठ घट्ट. पाणी पेल्यातून स्वतः प्यायची, पण पेला मी धरला तर नाही. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरेल. संध्याकाळी औषधाची वेळ झाली आणि तिने औषधालाही तोंड उघडलं नाही. मी समजावलं. मी खोटं हसलो. मी पाच आकडे म्हटलं, तीन म्हटलं, एकच म्हटलं. माझ्या तोंडून आकडा निघाला की ती कान झाकायची. आठ वाजले. सव्वाआठ. तिचा झटका नेहमी डाव्या मुठीपासून सुरू होतो, आधी मूठ आवळते, मग हात. मी तिच्या डाव्या मुठीकडे बघत जमिनीवर बसून राहिलो आणि मला वाटलं, मीच मारणार हिला. दातांनी नाही, झटक्याने नाही, मीच.

शेवटी डेपोत फोन लावला. बायको माइक तसाच सोडून आली. त्या संध्याकाळी किती माणसं चुकीच्या फलाटावर उभी राहिली असतील देव जाणे. ती आली, चपला काढल्या, बटणच्या समोर बसली आणि म्हणाली, बटण, आई पाच म्हणणार. एक, दोन, तीन, चार, पाच. बटणने औषध घेतलं.

मग बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणणार होतो, हट्टी झालीय. पण तेवढं खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती.

"मी आकडा चोरला," मी म्हटलं. "कपचा निघाला, मी घाबरलो, मी मागे गेलो."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझ्यावर हवं तेवढं ओरडा. काकूंवर ओरडा, डॉक्टरांवर ओरडा. तिला फसवू नका. तिला आपलं बोलणं कळत नाही, आकडे तेवढे कळतात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी कपच्याची जागा पाहिली, बायकोच्या पाच-पाच आकड्यांत, तुकड्या-तुकड्याने. रक्त हिरडीचंच होतं. नस उघडी पडली नव्हती. पण आता फार दिवस नाहीत, त्या म्हणाल्या. बायकोने रजा टाकली. औषध, दात, जेवण, सगळं तिच्याकडे गेलं. मी पुढच्या खोलीत मशीनवर बसून आतले आकडे ऐकायचो. ती माइकवर बोलावं तसं मोजते, स्वच्छ, एका सुरात, ना घाई ना उशीर. पाचवरून दहा, दहावरून वीस, मग तीस. तिला जास्त पटापट जमत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसती भीती वाटत होती आणि लाज वाटत होती, आणि दोन्हींमुळे मी मशीन इतकं दामटत होतो की दोन दिवसांत चार सुया मोडल्या. पोरगी आईचा हात धरून माझ्या खोलीतून जाताना माझ्या बाजूचा हात खिशात घालायची.

तीन आठवडे उलटून चार दिवस झाले तेव्हा साठ झाले. लगेच दुसऱ्या सकाळी आम्ही दवाखान्यात. बाई म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा, फक्त दार थोडं उघडं ठेवते. मी बाकावर बसलो नाही, फटीपाशी उभा राहिलो. आत चटईवर बायको आणि बाई गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसल्या होत्या, बटण दोघींच्या मांड्यांवर आडवी, डोकं बाईंकडे, पाय आईच्या कमरेशी. मला तिचे पाय दिसत होते, तोंड नाही.

बायको म्हणाली, बटण, साठ. आणि सुरू केलं. दहापर्यंत बाईंनी कापसाने दाढा कोरड्या केल्या असाव्यात. मग त्या म्हणाल्या, आता अगदी पहिल्यापासून, आणि मी दचकलो, कारण आम्ही पहिल्यापासून असं कधी केलं नव्हतं. पण बायकोने आधी विचारून ठेवलं होतं बहुतेक. ती म्हणाली, बटण, ते दहा वेगळे, आता साठ. एक. आणि बटण तशीच पडून राहिली. वीस गेले. तीस गेले. मी दाराची कड धरून ठेवली होती. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

आणि आवाज थांबला.

बटणचे पाय ताणले गेले होते. बोटं आत वळलेली. बायको तिच्या पायांकडे बघत होती, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक, आणि आवाज फुटत नव्हता. जी रोज हजार माणसांना न अडखळता सांगते कुठली गाडी कुठे लागणार, तिच्या तोंडून एक आकडा निघेना. तिला वाटत होतं, झटका येतोय. डॉक्टरबाई म्हणाल्या, काढू का हात, सांगा, काढू? औषध ओलं होतं. हात काढला तर लाळ लागणार, आणि परत साठ कुठून आणायचे.

मी फटीतून बटणच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मूठ उघडी होती. बोटं नुसती हवेत काहीतरी शोधत होती. मला कळलं. झटका नव्हता तो. तिचा आकडा हरवला होता. ती तोंड उघडं धरून चव्वेचाळीसची वाट बघत होती आणि तो येत नव्हता.

मला सांगितलं होतं, आत येऊ नका. माझ्या तोंडून आकडा निघाला की ती कान झाकते, तेही मला माहीत होतं. तिने आत्ता तोंड मिटलं तर माझ्यामुळे मिटणार होतं.

"चव्वेचाळीस," मी म्हटलं.

तिची मान हलली. मी बायकोचा सूर पकडला, ना घाई ना उशीर. पंचेचाळीस. सेहेचाळीस. आवाज मी सरळ ठेवला, शिवण सरळ ठेवावी तसा. पन्नासला तिच्या पायाची बोटं सुटली. पंचावन्नला बायकोने माझ्याबरोबर ओठ हलवायला सुरुवात केली, आवाज नव्हताच. एकोणसाठ. साठ. संपलं.

बाईंनी हात काढला. बटणने तोंड मिटलं आणि कडू लागलं म्हणून कानठळ्या बसतील अशी किंचाळली. इतकं सुंदर ओरडणं मी जन्मात ऐकलं नाही. मी बाहेर गटारापाशी जाऊन उभ्या उभ्या ओकलो.

दुसऱ्या दिवशी दाढा काळ्या झाल्या, डांबरासारख्या. पण काळं होणं म्हणजे थांबणं नाही, बाईंनी बजावलं होतं. तीन आठवड्यांनी टोकरून बघायचं. टणक लागली तर कीड थांबली. मऊ लागली तर दुसरा उपाय उरलेला नाही, भूल. ते तीन आठवडे आधीच्यांपेक्षा वाईट गेले, कारण आता करण्यासारखं काही नव्हतं. सकाळचे दात आई घासायची, संध्याकाळचे मी. हो, मी. तिने मला पाच आकड्यांपासून परत घेतलं. पहिल्या दिवशी मी पाच म्हटले आणि पाचलाच ब्रश काढला, अर्धे दात राहिले तरी. शेजारच्या काकूंना मी स्वतः जाऊन बोलावलं आणि म्हटलं, काकू, बघून ठेवा, आम्ही दोघं नसलो तर कुणाला तरी यायला हवं. त्यांनी डोळे पुसले. मी म्हटलं, रडायला नाही बोलावलं, मोजायला बोलावलंय.

टोकरायच्या दिवशी दवाखान्यात बटण माझ्या मांडीवर होती. बाई म्हणाल्या, बटण, वीस, आणि मला डोळ्यांनी खूण केली. मी मोजायला लागलो. त्यांनी बारीक सळई आत घातली. पहिली दाढ. दुसरी. तिसरीवर त्या थांबल्या, पुन्हा टोकरली, आणि मी आठ, नऊ, दहा म्हणत त्यांच्या भुवयांकडे बघत होतो. बाराला त्यांनी वरची दाढ परत पाहिली. चौदाला सळई आणि आरसा दोन्ही बाहेर काढले.

"टणक आहेत," बाई म्हणाल्या. "तिन्ही. थांबली."

मी विचारलं, "भूल?"

"नाही. सहा महिन्यांनी परत एक थेंब लावू. भूल नाही."

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. बाई हातमोजे काढू लागल्या. मला काही दिसेना, डोळे नुसते वाहत होते, नाक, घसा, सगळंच. सात वर्षांत पहिल्यांदा मला कुणाचा राग येत नव्हता. आणि मग शर्टाला ओढ लागली. खाली पाहिलं तर बटण माझ्याकडे बघत होती. तोंड तसंच उघडं, मोठं, आत तीन काळ्या दाढा. सगळ्यांचं काम झालं होतं, सगळे सुटले होते, आणि ती पोर चौदावर थांबून राहिली होती.

"पंधरा," मी म्हटलं. "सोळा. सतरा." बाई हातमोजा अर्धा काढून तशाच थांबल्या. "अठरा. एकोणीस."



"वीस," मी म्हटलं, आणि तिने तोंड मिटलं.